शंकर घाडींसाठी थांबलेली वाडी

शंकर घाडी हात जोडून उभे राहिले, की वाडीतली जाणती माणसं आधी सावलीची जागा धरत. गाऱ्हाणं घालण्याचा मान घाडींच्या घराण्याचा. म्हणजे गावाचं म्हणणं देवाच्या कानावर घालायचं काम त्यांचं. नारळ ठेवायचा, एकेक मागणं मोठ्याने सांगायचं, आणि प्रत्येक मागणं संपलं की जमलेल्यांनी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. एवढं साधं काम. पण देव गावातल्या माणसांना आपण होऊन ओळखत असेल, यावर घाडींचा फारसा विश्वास नव्हता. ते घरामागून घर घेत. कोणाचा मुलगा मुंबईत कोणाच्या खोलीवर राहतो, कोणाच्या सुनेला कितवा महिना, कोणाच्या काजूच्या मोहोरावर कसली कीड, सगळं पत्त्यासकट. नारळाला कोंब फुटायच्या आत संपलं म्हणजे लोक समाधानाने घरी जात.

कसालच्या बाजारातल्या भाताच्या गिरणीवर त्यांनी तीस वर्षं काढली होती. गिरणीच्या धडधडाटावर मात करून बोलायची सवय लागल्यामुळे देवापर्यंत पोचायला त्यांना माइक लागत नसे. देवळापुरतंच असंही नाही. नवी मोटारसायकल आली, बोलवा घाडींना. बोअरवेलला पाणी लागलं, बोलवा घाडींना. मथुरा शेजारणीने मिक्सर आणला, तेव्हा त्यांनी मिक्सरपुढे नारळ ठेवून त्याला आयुष्य मागितलं होतं. चुलतभावाचा मुलगा जितेंद्र ओरोसला सरकारी कचेरीत कारकून. त्याने लॅपटॉप घेतला, त्याच्यासाठी घाडींनी असं ऐसपैस गाऱ्हाणं घातलं की शेवटचं ‘व्हय म्हाराजा’ व्हायच्या आत बॅटरी संपली.

अशा माणसाची वाचा गेली, ती मे महिन्यातल्या एका सकाळी, अंगणात काजूबिया वाळत घालताना.

नर्मदेला काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि भिजवून विसरलेल्या पोह्यांसारखं काहीतरी बाहेर आलं. नर्मदेला वाटलं, नवरा कोणाची तरी नक्कल करतोय. तो छंद त्यांना होताच.

“पुरे झाला,” ती म्हणाली. “बियो पसरा आधी.”

मग ते गप्प झाले. चाळीस वर्षांच्या संसारात शंकर घाडी जागेपणी गप्प झालेले तिने पाहिले नव्हते. तिने हातातलं सूप तिथेच टाकलं आणि जितेंद्रला हाक मारली. तो कचेरीला निघालेला होता. त्याने गाडी तशीच वळवून काकांना आत घातलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली एक रक्तवाहिनी तुंबली होती. वेळेत आणलंत म्हणून निभावलं. उजवा हात पंधरवड्यात बऱ्यापैकी हलू लागला. वाचा मात्र आली नाही.

आतमध्ये सगळं शाबूत होतं. घाडींना प्रत्येक घर आठवत होतं, घरातली माणसं आठवत होती, कोणाची म्हैस कधी व्याली तेही. शब्द रांगेत उभे होते, फक्त दाराची कडी निघत नव्हती. ज्याने जन्मभर दुसऱ्यांची म्हणणी पोचवली, त्याला स्वतःला मीठ मागता येईना.

घरी आल्यावर आठवड्याभरात नर्मदेने तुळशीपुढे नारळ ठेवला आणि त्यांना उभं केलं. जमलेल्यांना फारशी आशा नव्हती. घाडींनी हात जोडले, आणि काय आश्चर्य, घडाघडा सुरू झाले: “बा देवा म्हाराजा, चारी शिवांच्या धन्या, आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत, तेंची लाज राख रे म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा!” वाडी गरजली. मथुरेने घरात धावत जाऊन साखर आणली आणि सगळ्यांच्या हातावर ठेवत सुटली. “भावजी बरे झाले गो!”

घाडींना तिला सांगायचं होतं की मथुरे, माझ्या तोंडात कोंबू नको, मला साखर वर्ज्य आहे. तोंडातून निघालं “मा… मा…”. मथुरेने आणखी एक चिमूट दिली.

ओरोसला वाचेचे उपचार करणारी तन्वी नावाची मुलगी होती. तिने नर्मदेला समजावलं. “जन्मभर पाठ असलेलं बोलणं एका वाटेने येतं, आणि नवं, त्या क्षणी मनात आलेलं, दुसऱ्या वाटेने. पहिली वाट चालू आहे. दुसरीवर दरड कोसळलीय. ती खोदून काढायची, किंवा बाजूने नवी पाडायची. रोज सराव हवा. आणि काकू, ते बोलायला लागले की तुम्ही थांबायचं. शब्द त्यांना काढू द्यायचा.”

नर्मदेने मान डोलावली. वाडीनेही डोलावली. पण थांबणं हा या वाडीच्या अंगातला गुणच नव्हे. गाऱ्हाण्याला वेळेवर ‘व्हय म्हाराजा’ न म्हणणं म्हणजे सही नसलेला अर्ज देवाकडे पाठवणं, असं इथे लहानपणापासून शिकवतात. पिढ्यान्‌पिढ्या यांचे कान वाक्याच्या शेवटावर टपून बसलेले. आता वाक्य नाही तर नाही, पहिल्या अक्षरावर टपून बसले.

जून महिन्यातली गोष्ट. घाडी मागच्या पडवीत बसले होते. समोर परसात मथुरेच्या गाईचा पाडा घुसला आणि त्यांनी स्वतःच्या हाताने लावलेली चवळी खाऊ लागला. घाडींनी बोट केलं आणि सगळा जोर लावून म्हणाले, “पा…”

“पाणी!” चार जण एकदम म्हणाले. नर्मदेने तांब्या आणला.

घाडी पाणी प्यायले आणि पुन्हा म्हणाले, “पा… पा…”

“तान खूप लागली आसा,” मथुरा म्हणाली, आणि दुसरा पेला तिने स्वतः त्यांच्या तोंडाला लावला. तिची पाठ परसाकडे होती. तिसरा पेला संपला तेव्हा चवळीही संपली होती. पाडा आला तसा गेला. घाडींच्या डोळ्यांत पाणी पाहून सगळ्यांना वाटलं, उपकारांनी गहिवरलेत.

प्रेमात काही कमी नव्हती, हीच तर पंचाईत. कोणी आंबोळ्या आणून देई, कोणी त्यांची भात लावणी परस्पर उरकून टाकली, कोणी त्यांच्या अर्ध्या शब्दाला आपला अर्धा जोडून त्यांना नको असलेली वस्तू आणून देई. रागावायलाही तोंड हवं. श्रावण उजाडेपर्यंत घाडींनी प्रयत्न सोडून दिला. बोट दाखवलं की काम होत होतं. तन्वीकडे सफरचंदाचं चित्र समोर आलं की ते खिडकीबाहेर बघत. जन्मात ज्याचं झाड पाहिलं नाही, त्या फळाचं नाव घ्यायला एवढी धडपड कशाला?

त्याच सुमारास वाडीच्या बैठकीत ठरलं की कार्तिकातल्या जत्रेला गाऱ्हाणं जितेंद्र घालील. घाडी कोपऱ्यात बसले होते. जितेंद्र त्यांच्या पाया पडून म्हणाला, “काकानू, ह्या साली तुमी आराम करा.” सगळ्यांनी मायेने त्यांच्याकडे पाहिलं. घाडींना त्या क्षणी जगात एकच गोष्ट हवी होती: जत्रेला गावाचं गाऱ्हाणं आपल्याच तोंडून जावं. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. “ना…”

“नारळ तुमच्याच हातान ठेवूया,” जितेंद्र म्हणाला. “व्हय, व्हय,” बैठक म्हणाली. आणि बैठक संपली.

चवथीला संचिता आली. घाडींच्या धाकट्या भावाची मुलगी. काकांच्या अंगणातच वाढलेली. पुण्याच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूवर पीएचडी करत होती. वाडीला तिचा अभिमान होता आणि तिच्या कामाबद्दल शंका होती. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे ओटीवर नेवऱ्या, म्हणजे करंज्या, खात बसले असताना मथुरेने विषय काढलाच.

“आमच्या भातात उंदीर भरलेत, ते फुकट. ते सोडून तू पुण्याक कित्याक गेलंस गो?”

“ते सुशिक्षित उंदीर आसत, मथुराकाकी.”

“आणि तेंच्या डोक्यात बघतंस काय?”

मेंदूचा विषय निघाला की संचिता मालवणीतून प्रमाण मराठीत शिरत असे, कचेरीत शिरताना चप्पल नीट घालावी तशी. “मेंदूत बोलणाऱ्या पेशी असतात, मज्जापेशी,” ती म्हणाली. “एकीचं दुसरीला कळतं ते दोघींमधल्या बारीक सांध्यातून. शिकणं म्हणजे ते सांधे बदलणं. काही घट्ट होतात, काही सैल पडतात. आणि त्यांच्या भोवती असतात आधारपेशी, चांदणीच्या आकाराच्या. इतकी वर्षं लोकांना वाटायचं, त्या नुसत्या खाऊ घालतात आणि खरकटं काढतात.”

“म्हणजे बायको,” नर्मदा म्हणाली.

“पण त्या ऐकतातही, काकी. उंदराच्या मेंदूतली एक आधारपेशी लाखभर सांध्यांना हात लावून बसलेली असते.”

“मथुरे, तुझा नाव घेता ता,” नर्मदा म्हणाली.

“माका लाख नको,” मथुरा म्हणाली. “चार घरांचा कळला तरी पुरे.”

संचिता हसली आणि पुढे बोलू लागली. “तिच्या अंगावर रिसेप्टर असतात, म्हणजे कुलपं म्हणा. उंदीर दचकला, सावध झाला, त्याच्या दृष्टीने काही महत्त्वाचं घडलं, की मेंदूत एक रसायन पसरतं. ते त्या कुलपात किल्लीसारखं बसतं. मग आधारपेशीच्या आत कॅल्शियमची लाट उठते, आणि ती आपल्याकडचं काहीतरी बाहेर सोडते. त्याने जवळचे सांधे कधी जोर धरतात, तर कधी गप्प होतात. म्हणजे ‘लक्ष द्या’ ही आरोळी नुसती बोलणाऱ्या पेशींनाच जात नाही. भोवतालच्या पेशीही ती ऐकतात, आणि त्या काय उत्तर देतात, त्यावर शिकणं बरंच अवलंबून असतं.”

घाडी नेवरी हातात धरून ऐकत होते. गिरणीवर तीस वर्षं काढलेल्या माणसाला यंत्र कसं चालतं यात रस असतोच. आणि त्यांना एकदम काहीतरी सुचलं. किती दिवसांनी सुचलं. ते पुढे झुकले. “ने…”

“नेवरी!” तीन हात ताटाकडे गेले.

“थांबा,” संचिता म्हणाली. तिने हात वर केला. “कोणी बोलू नका. काकांच्या हातात नेवरी आहे. त्यांना नेवरी कशाला हवी?”

ओटी गप्प झाली. तीन नेवऱ्या हवेत राहिल्या. घाडींचे ओठ हलत होते, कपाळाची शीर फुगली होती. मथुरेने दोनदा श्वास आत घेतला आणि दोनदा गिळला. गणपतीपुढची समई तडतडली तेवढाच आवाज. आणि मग, दगडाखालून पाण्याची धार निघावी तसं, एकेक करून:

“नेमका… माझा… कोण… आयकता?”

नर्मदेने हातातली नेवरी ताटात ठेवली आणि पदराने उगाचच हात पुसत राहिली.

“उंदरांवरून मी काकांचं औषध सांगू शकत नाही,” संचिता नंतर म्हणाली, कारण लोक आता तिच्याकडे वैद्याकडे बघावं तसे बघू लागले होते. “उंदीर वेगळा, माणूस वेगळा. थांबायचं तर तुम्हाला तन्वी मॅडमनी मे महिन्यातच सांगितलंय. माका फक्त तुमच्यावर वराडता येता.”

मग वाडी थांबायला शिकली. शिकली म्हणजे किती हाल झाले ते वाडीलाच ठाऊक. मथुरेने यावर उपाय काढला, घाडी बोलू लागले की ती पदराचा बोळा तोंडात धरायची. एकदा तिच्या पाड्याबद्दलच तक्रार चालली होती. तीन शब्दांना पाच मिनिटं लागली आणि तिने ती पूर्ण ऐकली, बोळ्यासकट. संपल्यावर बोळा काढून म्हणाली, “भावजी, खाल्ल्यान ता खाल्ल्यान. आता बांधून घालतंय.” घाडी इतके खूश झाले की त्यांनी तिला घरात ठेवलेली चवळीही देऊन टाकली.

तन्वीने सफरचंद काढून टाकलं आणि नर्मदेला घरचे फोटो आणायला सांगितलं. नर्मदेने घरोघर जाऊन दारांचे फोटो काढले. रोज संध्याकाळी ती फोन पुढे धरी आणि घाडी घराचं नाव शोधत. ती घाई करत नसे. कुळीथ निवडत बसे. मधूनच म्हणे, “मी खंय जातंय? सांगा सावकाश.” एका नावाला कधी अर्धा शेर कुळीथ निवडून होत. अशी ऐकत ती चाळीस वर्षं बसत आली होती. घाडींनी ते आता पहिल्यांदा पाहिलं. आपण गाऱ्हाणं घालतो, असं जन्मभर वाटत आलेल्या माणसाला एका संध्याकाळी उमगलं की ते पोचतं की नाही, याचा अर्धा भार नेहमी समोरच्यांवर होता, आणि आपण कधी त्यांच्याकडे डोळे उघडून पाहिलंही नव्हतं.

दिवाळीनंतर जितेंद्र आपलं गाऱ्हाणं दाखवायला आला. त्याने ते फोनवर टाइप केलं होतं. ओटीवर उभा राहून, घसा साफ करून त्याने वाचायला घेतलं. “विषय : सालाबादप्रमाणे गावाचे रक्षण होणेबाबत. महोदय…”

“देवाक महोदय?” मथुरा म्हणाली.

“आदरार्थी आसा ता. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय विनंती करण्यात येते की…”

“आणि देवान सही खंय करूची?”

“मथुराकाकी, वायच आयका तरी.” तो पुढे गेला. घरांची यादी त्याने अकारविल्हे केली होती, कचेरीत करतात तशी. घाडी डोळे मिटून ऐकत होते. यादी ‘क’वर आली, ‘ख’वर गेली. त्यांचे डोळे उघडले.

“का…”

जितेंद्र थांबला. सगळे थांबले. मथुरेने बोळा धरला.

“का… काशीबाय. रवली.”

खरंच राहिली होती. ओढ्यापलीकडे एकटी राहणारी काशीबाई. तिचं घर कुठल्या कागदावर नव्हतं, म्हणून जितेंद्रच्या यादीतही नव्हतं. पण घाडी तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला होता. पुढचं वाक्य त्यांनी शोधलं नाही, ते रागानेच बाहेर ढकललं. “मेल्या, देव… तुझो सायब… नाय.”

ओटीभर हसू फुटलं. सगळ्यात मोठ्याने जितेंद्र हसला. त्याने फोन खिशात घातला आणि काकांच्या पायाशी बसला.

“काकानू, शिवी घातलास. आता गाऱ्हाणाय तुमीच घाला. माझ्या अर्जार देव शेरो मारीत, ‘त्रुटी आहेत’ म्हणान.”

संचिताला फोनवर हे कळलं तेव्हा तिने विचारलं, “राग खराखुरा होतो?” नर्मदा म्हणाली, “कान लाल झाले होते.” “मगे बरा झाला. ता पाठ केलेला नव्हता,” संचिता म्हणाली. तिच्या आवाजातला आनंद नर्मदेला बरोबर कळला.

जत्रेच्या दिवशी सकाळी देवळासमोर माणूस मावत नव्हता. बातमी मालवणपर्यंत गेली होती. घाडींनी उजव्या हाताने नारळ ठेवला, डाव्याने आधार देऊन. सुरुवात नेहमीसारखी धावत गेली, “बा देवा म्हाराजा, चारी शिवांच्या धन्या…”, तिच्यावर ‘व्हय म्हाराजा’ही दणक्यात आलं. आणि मग दरडीची वाट आली.

पहिलं घर घ्यायला त्यांना इतका वेळ लागला की पुजाऱ्याने दोनदा वर पाहिलं. नाव आलं. मागणं आलं, दोन शब्दांचं. “व्हय म्हाराजा.” दुसरं घर. तिसरं. पूर्वी जेवढ्या वेळात ते हजार शब्द बोलत, तेवढ्याच वेळात आता शंभर बोलले, त्यामुळे उन्हात उभं राहायचं लोकांचं नशीब काही बदललं नाही. पण कोणी सावली शोधायला हललं नाही. मागून एकाने “व्हय म्हा—” असं लवकर सुरू केलं, तेव्हा त्याच्याकडे एवढ्या माना वळल्या की तो खोकल्याचं नाटक करू लागला. ‘काशीबाय’ हे नाव एका दमात आलं. काशीबाई काठी टेकून पुढच्याच रांगेत होती. शेजारणीने खुणावलं तेव्हा तिने मान हलवली, काम वेळेवर झालं असं दाखवत.

वाडी संपली. आता गाऱ्हाणं आटोपेल असं लोकांना वाटलं. चाळीस वर्षं शेवट ठरलेला होता: ‘आणि ह्या तुझ्या घाड्याच्या घरावर नजर ठेव’, बस. ते वाक्य पाठ होतं, चालू वाटेवरचं होतं, सहज आलं असतं. घाडींनी ते घेतलं नाही.

“आणि… न…”

मथुरेने पदराचा बोळा तोंडात धरला.

“नर्मदा.”

बायकांच्या रांगेत नर्मदा नारळाकडे बघत राहिली, जणू नाव दुसऱ्याच कोणाचं होतं. तिच्या कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या.

“हिका… ह्या सगळ्यांका… बरा ठेव. मागणा… नाय. सांगणा. ह्येनी… माझा… आयकला.”

आणि घाडी थांबले.

हात जोडून, डोळे मिटून ते ‘व्हय म्हाराजा’ची वाट पाहू लागले. ते येईना. एवढी माणसं समोर, पण सगळे श्वास रोखून उभे. दोन-अडीच महिन्यांच्या शिस्तीने वाडी अशी तयार झाली होती की अजून एखादा शब्द वाटेत असेल, आणि आपण त्याला अडवू, या भीतीने कोणी ओठ उघडेना. जितेंद्र नर्मदेकडे बघत होता, नर्मदा मथुरेकडे, मथुरेच्या तोंडात बोळा.

घाडींनी एक डोळा उघडला.

“संपला… गो, मथुरे.”

मग आलं. आधी मथुरेचं, पदरातून सुटलेलं, मग जितेंद्रचं, मग देवळाभोवतीच्या सगळ्यांचं. नेहमी एका सुरात पडणारं ते ‘व्हय म्हाराजा’ त्या सकाळी हसण्या-रडण्याने फुटून चार-पाच तुकड्यांत येत राहिलं. सगळ्यात शेवटी, कमी ऐकू येणाऱ्या काशीबाईला शेजारणीने सांगितलं, तेव्हा तिचं एकटीचं, बारीक आवाजातलं आलं. घाडी तोवर हात जोडून तसेच थांबले होते.